शाहपूर रोडच्या गेटवरची काठी

मित्रांनो, मी काठी आहे. तेल पिऊन पिऊन काळी पडलेली, खालच्या टोकाला लोखंडी शेंबी असलेली, जुनी काठी. म्हाताऱ्याच्या हातातली नव्हे, गुराख्याच्या खांद्यावरचीही नव्हे. मी राखणदाराची काठी. माझं सगळं आयुष्य दारात उभं राहण्यात गेलं, त्यामुळे माझा स्वभाव जरा खडूस आहे, हे आधीच सांगून टाकते. गोड गोड ऐकायचं असेल तर एखाद्या बासरीला गाठा. तीही बांबूचीच, पण तिचं नशीब वेगळं. माझ्याखाली एका तरण्याताठ्या माणसाचा श्वास अडकला होता. तो का अडकला, हे सांगायला मी बसले आहे.

माझं माहेर सातपुड्याच्या उतारावरचं. तिथल्या बांबूच्या बेटात मी वाढले. एके दिवशी कोयता आला आणि मोळीत बांधून मला बुऱ्हाणपुरात आणलं. कमलाबाई नावाच्या बुरडिणीने मला विस्तवावर शेकलं, गुडघ्याला लावून सरळ केलं आणि पेरं तासून तेलात घातलं. शेकताना जीव नकोसा झाला होता. पण त्या बाईचा हात चांगला होता, कुठे तडा म्हणून गेला नाही. बाजारच्या दिवशी सुकलाल नावाचा पहारेकरी आला. त्याने मला जमिनीवर दणकन आपटून पाहिलं आणि म्हणाला, "आवाज ठसठशीत हाये. हीच दे." झालं, मी नोकरीला लागले.

सुकलाल कापसाच्या जिनिंगवर होता. तिथे मी साप मारले, कुत्री हाकलली, गाड्या मागेपुढे घेताना इशारे केले. एकदा एक हमाल गाठोड्यात सरकी बांधून नेताना सापडला. सुकलालने मला उचललं आणि त्या माणसाच्या नडग्या, पाठ, हात, जे दिसेल ते फोडून काढलं. डोकं वाचवायला त्याने हात वर धरले, तर बोटं मोडली. हाडाचा आवाज लाकडाला फार जवळून ऐकू येतो, मित्रांनो. माझ्या पेरांत रक्त शिरलं ते धुवूनही गेलं नाही. आणि दसऱ्याला काय झालं असेल? मालकाने सगळ्यांसमोर माझी पूजा केली! झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा. "काठी असावी तर अशी!" म्हणाले. मेल्यांनो, चार मुठी सरकीसाठी माणसाची बोटं मोडली आणि वर मला हार घालता? पण काठीला कोण विचारतो.

पुढे जिनिंग बंद पडलं, सुकलाल थकला. त्याचा जोडीदार काशिनाथ मला घेऊन शाहपूर रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनवर कामाला लागला. सिक्युरिटी एजन्सीचा निळा शर्ट, टोपी, शिट्टी आणि मी. लॉनच्या तिन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि पुढे हे मोठं फाटक. फाटकावर तिघे जण. काशिनाथ मोठा, त्याचा शब्द शेवटचा. जीवन हा धिप्पाड, मानी गडी. पोरं त्याला पाहूनच आवाज खाली करत, म्हणून मी बहुतेक त्याच्याच हातात असे. आणि तिसरा कडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेला, अंगाने काटकुळा, सांगेल ते काम मुकाट्याने करणारा.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. राखणदार एकदा शिकला म्हणजे जन्माचा शिकला, असं नसतं. त्यांना अधूनमधून पुन्हा शिकायला बोलावतात. रिफ्रेशर म्हणतात त्याला. गर्दी कशी थोपवायची, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, धरावं लागलं तर कुठे धरायचं, काठी कुठे लावायची आणि कुठे नाही. राजघाटाकडच्या एका हॉलमध्ये प्रतिभा मॅडम हे शिकवत. एजन्सीचा निरोप यायचा की तिघांनी यायचं आहे. पण काशिनाथचा हिशेब वेगळाच होता.

आपल्याकडे 'घरटी एक' ही रीत आहे ना? जेवणाचं आवतण घरटी एक असलं, की एक जण जेवून येतो आणि घर आलं असं धरतात. कुणाच्या दारी दुःखाला बसायला जायचं, तर एक जण जातो आणि सगळ्या घराची हजेरी लागते. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण काशिनाथने ती रिफ्रेशरलाही लावली. "तिघं गेलो तर फाटक काय केळीचं झाड सांभाळीन? कडू, तू जाय. तू गेला म्हंजे आपलं गेट गेलं." दर खेपेला हेच. कडूला पाठवायचं, कारण फाटकावर त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

कडू बिचारा मन लावून शिके. परत येताना तिथे मिळालेलं नाश्त्याचं पाकीट न उघडता घेऊन येई. एकट्याने कसं खायचं, गेट सगळ्यांचं. मग फाटकाजवळच्या केबिनीत ते पाकीट फुटे आणि कडू सांगायला लागे. "आइका ना. मॅडम म्हने, मानसाले पालथा पाडला तं त्याच्या पाठीवर बसायचं नाई. छाती दबते. त्याले कुशीवर वळवायचं. अन् तो म्हनला का श्वास नाई येऊ राह्यला, तं—"

"तं त्याले कचोरी खाऊ घालायची!" जीवन म्हणे, आणि दोघे खो खो हसत.

"आता हा कडूमास्तर आपल्याले धंदा शिकवीन," काशिनाथ म्हणे. "अबे, तीस वर्सं झाली मले दारात उभं राहून. चटणी दे इकडे."

कचोरी संपे, विषयही संपे. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत असे. खरं सांगते, मला कडूची कीव येई आणि त्या दोघांचा राग येई. अरे, कचोरी पाकिटात बांधून आणता येते, शिकलेलं कसं येईल? ते ज्याने त्याने आपल्या अंगाने जाऊन घ्यावं लागतं. पण तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं आणि बिघडेपर्यंत माणसाला शहाणपण सुचत नाही.

वैशाखातलं लग्न होतं. दुपार नुसती भाजत होती. केळीची पानं कडेने वाळून कागदासारखी झालेली, म्हणून मालकाने सक्त बजावलं होतं की फाटकाच्या आत फटाका येता कामा नये. एक ठिणगी उडाली असती तर मांडवही गेला असता आणि शेजारची बागही. वरात आली ती दोन तास उशिरा. डीजे धडधडत होता, पोरं घामाने निथळत होती, काहींच्या तोंडाला वास येत होता. पुढे नाचत होता भूपेंद्र, जैनाबादचा, नवऱ्या मुलाचा मावसभाऊ. तोंडात गुटख्याचा तोबरा आणि गळ्यात हारासारखी फटाक्यांची लड.

जीवनने मला फाटकात आडवं धरलं. "लड बाहेर ठेव. आत नाई चालनार."

"तू कोन बे मले सांगनारा? भाई की शादी है मेरे," भूपेंद्र म्हणाला.

"बाहेर ठेव म्हनलं ना!"

इथे हसून बोलायचं असतं. "दादा, लड मी सांभाळतो, लग्न लागलं की मैदानात मिळून उडवू," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. प्रतिभा मॅडमनी कडूला अगदी असंच शिकवलं होतं. पण जीवनने माझ्या टोकाने ती लड गळ्यातून उचकटली. भूपेंद्रने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. टोपी उडाली, धुळीत पडली आणि कुणाच्या तरी बुटाखाली आली. सगळी वरात हसली. बायकासुद्धा हसल्या. जीवनसारख्या मानी माणसाला ते हसणं थपडेपेक्षा जास्त लागलं.

मग मी चालले. पहिला तडाखा भूपेंद्रच्या मांडीवर, दुसरा खांद्यावर. तो मागे कोसळला आणि वरातीतली चारपाच पोरं जीवनवर तुटून पडली. कुणी खुर्ची फेकली, ती काशिनाथच्या कपाळाला लागली आणि त्याच्या डोळ्यावरून रक्त वाहायला लागलं. एकाने जीवनच्या दंडाला चावा घेतला. जीवनने त्याला माझ्या शेंबीने ढोसलं, तो पोट धरून बसला. करवल्या किंचाळत होत्या. कुणाच्या तरी हातातलं आरतीचं ताट उडालं. डीजे मात्र तसाच वाजत होता, बंद करायचं भान कुणाला होतं! एका पोराच्या तोंडावर मी बसले आणि त्याचा दात तुटून फरशीवर पडला. माझा तर पार चाबूक झाला होता त्या हातात.

पोरं पांगली. भूपेंद्र उठायला लागला तसा जीवनने त्याला पालथा पाडला. तापलेली सिमेंटची फरशी, तिच्यावर त्याचा गाल. जीवनने पाठीत गुडघा रोवला, मला मानेखाली खांद्यांवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. आचाऱ्याची दोन पोरं मदतीला धावली, ती पायांवर बसली.

"धरून ठेव!" काशिनाथ कपाळाला रुमाल लावून ओरडला. "पोलिस येऊ दे. सोडू नको साल्याले."

मी त्याच्या पाठीवर होते, मित्रांनो. तिथे काय चाललंय ते माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आधी त्याची पाठ जोरात वर येई, मला ढकली. मग थोडी कमी. तो म्हणाला, "श्वास... श्वास नाई येऊ राह्यला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, पण आता आवाज गुटख्यातून आणि थुंकीतून आला.

"नाटकं करतो! आता आठवला का श्वास?" जीवनने आणखी भार टाकला. भूपेंद्र हातपाय झाडायला लागला, तर जीवनला वाटलं अजून मस्ती जिरलेली नाही. अहो, बुडणारा माणूस हातपाय झाडतो ती काय मस्ती असते? त्याची पाठ वर येईनाशी झाली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. मला तडा जायचं सुचलं असतं तर मी तिथेच मोडले असते. पण कमलाबाईने मला पक्कं घडवलं होतं, मी कुठली मोडते!

कडू रस्त्यापलीकडच्या मैदानात गाड्या लावत होता. ओरडा ऐकून तो पळत आला. त्याने नुसता भूपेंद्रचा चेहरा पाहिला. ओठ जांभळे झाले होते.

"उठ! जीवन, उठ त्याच्यावरून! त्याले कुशीवर घे!"

"हट बे मास्तर!"

कडूने त्याला खांद्याला धरून ओढलं. भिंत ओढावी तसं झालं. त्याने काशिनाथकडे पाहिलं. "काका, सांगा ना त्याले! मरीन तो!"

काशिनाथ म्हणाला, "काई नाई होत. तू बाजूले हो."

शेजारीच आचाऱ्यांची भट्टी होती. कडूने बुंदीचा लोखंडी झारा उचलला. अजून तापलेला होता तो, त्याच्या तळहाताला चटका बसला, तरी सोडला नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यात कुत्र्याला दगड मारला नव्हता, त्याने आपल्याच जोडीदाराच्या कोपरावर तो झारा दोन्ही हातांनी हाणला. डोक्यावर नाही, कोपरावर. तेवढंही भान त्याला होतं. हाड कडकन मोडलं. जीवन बैलासारखा ओरडला आणि बाजूला कलंडला. मी घरंगळत फरशीवर पडले.

"आपल्याच मानसाले मारतो, हरामखोरा!" काशिनाथने कडूच्या तोंडात मारली. आचाऱ्याच्या पोरांनी पाठीत बुक्क्या घातल्या. कडूने एकही अडवली नाही. मार खात खातच त्याने भूपेंद्रला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून गुटख्याचा लगदा बाहेर काढला, हनुवटी वर धरली. "घे बापा, घे," म्हणत राहिला. आधी काहीच नाही. मग घशात घरघर झाली आणि एक श्वास आला. तो श्वास येताना जो आवाज झाला, तो मी अजून विसरलेले नाही.

भूपेंद्र वाचला. पण श्वास उशिरा आला, आणि तेवढ्या वेळात मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता तो जैनाबादला घराच्या ओट्यावर बसलेला असतो. भिंत धरून चालतो, शब्द शोधत बोलतो, घास त्याची आई रंभाबाई भरवते. केळीचे घड उचलून ट्रक भरणारा गडी होता तो. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, दवाखान्याचा भार लॉनवाल्याने उचलला आणि तिथेच सगळं मिटवलं. 'मिटवलं' म्हणतात ते. रंभाबाईचं काय मिटलं?

जीवनला एजन्सीने काढलं, त्याच्या जागी नवा गडी दिला. कडूची नोकरी राहिली, पण केबिनीत त्याच्याशी कुणी बोलेना. वाचवलं त्याचं कुणाला काही नाही, आपल्या माणसावर हात उचलला हेच सगळ्यांना दिसलं. काशिनाथ त्याच्या हातचं पाणी पिईना. आणि मला छताची जाळीजळमटं काढायला ठेवलं. दसरा आला न् गेला, हार सोडा, कुणी फडक्याने पुसलंही नाही. मला तसलं कौतुक नकोच होतं म्हणा, पण कोळ्याची जाळी अंगावर घेऊन कोपऱ्यात उभं राहणं कुणाला आवडेल?

मग पुन्हा रिफ्रेशरचा निरोप आला. या खेपेला काशिनाथ सकाळी केबिनीत आला, कपाळावरच्या व्रणावरून हात फिरवत म्हणाला, "फाटकाले कुलूप लावा. सगळे जाऊ." कडूकडे त्याने पाहिलं नाही. पण निघताना त्यानेच मला पुसलं आणि कडूच्या हातात दिलं.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. प्रतिभा मॅडम, आखूड केसांची, मोठ्या आवाजाची बाई, शिकवायला उभ्या राहिल्या, आणि दारात जीवन दिसला. निळा शर्ट नव्हता. कोपर नीट जुळलं नव्हतं, हात अर्धाच सरळ होत होता.

"कौनसे गेट से, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"कोनत्याच नाई, मॅडम. आता नोकरी नाई. बसू का?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत असणार, बुऱ्हाणपूर केवढंसं. "बसा. चप्पल बाहेर काढा," एवढंच त्या म्हणाल्या.

पालथ्या माणसाचा विषय निघाला. मॅडम म्हणाल्या, "देखो, हे सांगून कळत नाही. एक जण झोपा, एक जण बसा. पूर्ण भार द्यायचा नाही, मी बाजूला आहे. झोपणाऱ्याने हात आपटला की लगेच उठायचं." कुणी पुढे येईना. जीवन उठला आणि सतरंजीवर पालथा झाला. "कडूले बसू द्या," तो जमिनीकडे तोंड करूनच म्हणाला.

कडू अलगद त्याच्या पाठीवर बसला, मला खांद्यांवर आडवं ठेवलं. अर्धासुद्धा भार नव्हता तो, त्यातून कडूचं वजन ते काय! तरी जीवनची पाठ वर यायला धडपडली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते घशातच राहिलं. त्याने तळहात जमिनीवर आपटला, एकदाच, आणि कडू ताडकन उठला. त्याने जीवनला कुशीवर वळवलं.

जीवन तसाच पडून राहिला, भिंतीकडे तोंड करून. मग खांदे हलायला लागले. एवढा मोठा गडी हुंदके देत होता.

"तो दोनदा बोलला होता," तो म्हणाला. "नाटक नव्हतं, मले मालूम होतं. मले आइकू आलं होतं, कडू."

काशिनाथने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. मॅडमनीही जीवनची समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "आता पुढचे दोघे या. सगळ्यांनी करायचं आहे."

त्या दिवशी सगळ्यांनी केलं. काशिनाथनेही केलं, म्हातारपणी पालथा पडून, धापा टाकत.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला कुणी कुठे टेकवावं हे माझ्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे. उद्या तुम्ही कुणी पोलिस व्हाल, कुणी मास्तर व्हाल, कुणी शाळेच्या मैदानात भांडण सोडवायला धावाल. जे शिकायचं ते स्वतः जाऊन शिका आणि पुन्हा पुन्हा शिका. शेजाऱ्याच्या शिकण्याच्या भरवशावर आपला हात चालवू नका. आणि तुमच्या गुडघ्याखाली असलेला माणूस, मग तो कितीही वाईट असो, त्याने तुमची टोपी उडवलेली असो, 'श्वास येत नाही' म्हणाला, तर आधी उठा. खरं की खोटं ते मागाहून पाहा. खोटं निघालं तर काय होईल? उठून पळून जाईल, एवढंच ना? पळू द्या.